घाटावरच्यांची मुंबई

शेवगावापासून समुद्र शंभर कोसांवर आहे. नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडचा हा तालुका. पाऊस बेताचा, नजर जाईल तिकडे ज्वारी-बाजरीची आणि कपाशीची शेते, आणि नदी म्हणाल तर शिवेवरून वाहणारी गोदावरी. १९७६ साली पैठणचे जायकवाडी धरण राष्ट्राला अर्पण झाले आणि नाथसागराचे पाणी या मुलखाच्या उंबऱ्याशी आले, तेव्हा येथल्या पोरांना 'सागर' या शब्दाचा थोडाफार अर्थ कळला. पण लाटा नाहीत, भरती-ओहोटी नाही, खारटपणा नाही, तो सागर कसला? खरा समुद्र पाहायचा तर मुंबईच गाठली पाहिजे, ही समजूत घाटावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. काशीस जाऊन आलेल्या म्हाताऱ्याभोवती जशी माणसे जमत, तशीच एके काळी मुंबई पाहून आलेल्या गड्याभोवती जमत.

'मुंबई पाहणे' या दोन शब्दांत मौज आहे, पण त्या मौजेला एक इतिहासही आहे, आणि तो दिवाळीच्या फराळासंगे वाचण्याजोगा आहे. घाटावरून आलेल्या माणसाला मुंबईने 'घाटी' असे नाव ठेवले. त्यात कौतुक कमी आणि हिणवणे अधिक होते. या माणसाचा तेथे बंगला नव्हता, पेढी नव्हती, क्लबात त्याला कोणी शिरू देत नव्हते. त्याच्या वाट्याला शहराचा तेवढाच भाग आला, जो कोणा एकाच्या मालकीचा नव्हता: बाग, मैदान, रस्ता आणि किनारा. एवढ्या भांडवलावर त्याने मुंबई आपली म्हटली. ही सर्वांची मुंबई कशी तयार झाली आणि घाटावरची माणसे तिच्यापर्यंत कशी पोहोचली, ते क्रमाने पाहू.

समुद्राकडची वाट मात्र मुंबईहून फार जुनी. शेवगाव तालुक्यातले मुंगी हे गोदाकाठचे गाव. पलीकडच्या पैठणाशी त्याची इतकी सोयरीक की लोक 'मुंगी-पैठण' असा एकच उच्चार करतात. पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्दीने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात नोंद आहे की भडोच बंदराहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आहे, आणि तेथून अकीकाचे दगड गाड्यांत भरून बंदरावर येतात. सोपारा आणि कल्याण या बंदरांचीही नावे त्याच ग्रंथात आहेत. कोकणात उतरणारी वाट नाणेघाटातून जाई. राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख तेथल्या लेण्यात आजही भिंतीवर आहे, आणि घाटाच्या तोंडाशी असलेल्या दगडी रांजणाला लोक जकातीचा रांजण म्हणतात. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. म्हणजे आपल्या भागातली माणसे दोन हजार वर्षांपूर्वीही समुद्राकडे जात होती. फरक एवढाच की ती माल घेऊन जात. नुसते पाहायला जाण्याची चैन त्या काळी कोणाला परवडणार? आणि मुंबई म्हणावे असे तेव्हा काही नव्हते. खाड्यांनी तोडलेली सात बेटे होती. त्यांवर कोळ्यांची घरे आणि माडांची झाडे.

ती बेटे १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगिजांकडून इंग्रज राजाला आंदण मिळाली आणि १६६८ साली त्याने ती वर्षाला दहा पौंडांच्या भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. पुढच्या दोन शतकांत खाड्या बुजल्या, बांध पडले, बेटे एकमेकांना चिकटली. महालक्ष्मी आणि वरळी यांमधला बांध पुनःपुन्हा ढासळत होता. अखेर समुद्रातून देवीच्या मूर्ती वर काढल्या तेव्हा तो टिकला, अशी आख्यायिका आहे, आणि महालक्ष्मीच्या देवळात गेलेला प्रत्येक यात्रेकरू ती ऐकतो. अशा रीतीने मुंबई पाहायला जाणारा माणूस ज्या जमिनीवर चालतो, तिच्यातली पुष्कळशी मुळात पाणीच होती.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. बोरघाट मात्र दहा वर्षे आडवा उभा होता. हजारो मजुरांनी कडे फोडले, बोगदे खोदले, त्यांतले कित्येक पटकीने आणि अपघाताने तेथेच राहिले. आणि १८६३ साली पुण्याची गाडी सरळ घाट उतरून मुंबईस जाऊ लागली. योगायोग असा की त्याच वर्षी गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले. शहर पाहण्याची वाट आणि शहराची ओळख करून देणारे मराठी पुस्तक एकाच साली आले म्हणायचे! पुढे १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग झाला आणि नगरला स्टेशन मिळाले. शेवगावकराने बैलगाडीने नगर गाठायचे, तेथून दौंड, तेथून मुंबई. पूर्वी पंधरवडा खाणारी वाट तीन-चार दिवसांवर आली.

त्याच सुमारास मुंबईचा चेहरा बदलत होता. गव्हर्नर बार्टल फ्रिअर याने १८६२ नंतर किल्ल्याचे तट पाडायला घेतले आणि कोंदटलेल्या शहराला वारा लागला. भायखळ्यास राणीची बाग १८६२ साली खुली झाली. शेती व बागायतीची आवड असणाऱ्या एका संस्थेने ती उभारली आणि १८७३ पासून नगरपालिकेने ती आपल्याकडे घेतली. तिला लागूनच संग्रहालय उभे राहिले, ते १८७२ साली लोकांना खुले झाले. त्यासाठी खटपट केली ती जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी आणि जॉर्ज बर्डवुड यांनी. पैसा आला तो नागरिकांच्या वर्गणीतून. शंकरशेटांना ते पुरे झालेले पाहणे लाभले नाही. ते १८६५ सालीच वारले. शंभर वर्षांनंतर, १९७५ साली, त्या संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले.

ज्या वास्तूंची आज आपण साहेबाच्या खात्यावर नोंद करतो, त्यांतल्या पुष्कळ अशा आपल्याच लोकांच्या पैशाने उभ्या राहिल्या आहेत. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. उंची दोनशे ऐंशी फूट. कापसाच्या व्यापारात आणि सट्ट्यात अमाप पैसा मिळवलेल्या प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी दोन लाख रुपये दिले आणि त्याला आपल्या आईचे नाव दिले. खेड्यातून आलेला माणूस त्या मनोऱ्याकडे पाहताना टोपी सांभाळत मान मागे टाकी. त्याला हे ठाऊक असेल-नसेल की वर घुमणारे नाव एका गुजराती माउलीचे आहे.

राणीच्या बागेतल्या दगडी हत्तीची गोष्ट तर मुलांना मुद्दाम सांगावी. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला 'एलेफंटा' म्हटले. १८६४ साली त्याला उचलून विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला. पण उचलता उचलता यारी मोडली, हत्ती कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. मग ते तुकडे मुंबईस आणले गेले आणि १९१४ साली बागेत पुन्हा जुळवून उभे केले. साहेबाने कितीएक वस्तू तिकडे नेल्या. हा एक गडी मात्र अंग मोडून घेऊन इथेच राहिला.

शहर फिरायला वाहन पाहिजे. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाब्याहून पायधुणीस तीन आणे पडत. १९०७ साली घोडे सुटले आणि ट्राम विजेवर धावू लागली. १५ जुलै १९२६ पासून बस आली, १९३७ पासून दुमजली बस. घाटावरच्या पाहुण्यांनी ट्रामवर जेवढे प्रेम केले तेवढे क्वचितच कशावर केले असेल. सावकाश चालणारी, मोठ्या खिडक्यांची, स्वस्त; एका तिकिटात निम्मे शहर डोळ्यांखालून जाई. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली, तेव्हा तिला निरोप द्यायला रस्त्याच्या दुतर्फा लोक लोटले होते.

आता किनाऱ्याकडे वळू. मुंबईचा किनारा हा सदैव भांडणाचा विषय राहिला आहे. १८६० नंतर अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या धुंदीत बॅकबेचा समुद्र बुजवून जमीन विकण्यासाठी कंपन्या निघाल्या, आणि १८६५ साली युद्ध थांबताच त्यांचा फुगा फुटला. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने तीच योजना पुन्हा हाती घेतली. पैसा पाण्यासारखा आणि खरोखरच पाण्यात गेला. वीर नरिमन यांनी त्या कारभाराचे वाभाडे काढले, त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. या सगळ्या गोंधळातून मुंबईकरांच्या पदरात एक गोष्ट पडली, ती म्हणजे मरीन ड्राइव्ह. तिच्या कठड्यावर बसायला कोणाचा परवाना लागत नाही आणि एक पैसा पडत नाही.

सगळीकडे असे नव्हते. अपोलो बंदराजवळचा यॉट क्लब गोऱ्यांचा होता. ब्रीच कँडीचा तरणतलाव युरोपियनांसाठी राखून ठेवलेला होता. भिंतीच्या आत तलाव मोजक्यांसाठी, आणि भिंतीबाहेर अख्खा अरबी समुद्र सर्वांसाठी! घाटावरचा माणूस अर्थातच समुद्राकडे गेला. चौपाटीवर त्याने धोतराचा काचा वर खोचून पाण्यात पाय घातले, बोट बुडवून खारटपणाची चव पाहिली, बायकोने ओटीतला नारळ दर्याला वाहिला, पोरांनी भेळ खाल्ली. स्नान, पूजा, प्रसाद, सगळे यथासांग झाले. आपल्या भाषेत या फिरण्याला 'मुंबई दर्शन' म्हणतात, ते उगीच नव्हे.

पुढे त्या जागांना देवदर्शनाहून निराळे आणि खोल असे मोल आले. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले आणि चौपाटीच्या वाळूत त्यांना अग्नी दिला गेला. तेव्हापासून चौपाटीवर येणारा मराठी माणूस हात जोडतो. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गोवालिया टँकच्या मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुढाऱ्यांना पकडले आणि काँग्रेस कार्यकारिणीतल्या नेहरू, पटेल, आझाद प्रभृतींना कोठे नेले? आमच्या नगरच्या किल्ल्यात! नगरचे लोक मुंबई पाहायला जात. त्या वर्षी मुंबईचा इतिहासच गाडीत बसून नगरला आला. त्या किल्ल्यातच नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. नगर जिल्ह्यातून मुंबईस जाणाऱ्या कुटुंबाने ऑगस्ट क्रांती मैदान पाहावे, आणि परतताना आपला किल्लाही पाहावा. एकाच गोष्टीची ती दोन टोके आहेत.

गेटवेची कहाणीही अशीच उलटली. पंचम जॉर्ज १९११ साली अपोलो बंदरावर उतरला, त्याचे स्मारक म्हणून विटेट या वास्तुकाराने ही कमान बांधली आणि ती १९२४ साली खुली झाली. राजाच्या येण्यासाठी बांधलेल्या त्याच कमानीखालून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण बोटीत चढली. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, १ जून १९४८ रोजी, सरकारी एस. टी. ची पहिली गाडी रस्त्यावर आली, आणि तिचा मार्ग होता नगर ते पुणे. इकडून साहेब गेला आणि तिकडून एस. टी. निघाली. पुढे एस. टी. तालुक्यांना, मग खेड्यांना पोहोचली, आणि ज्यांनी आगगाडी जन्मात पाहिली नव्हती अशा बायाबापड्याही गावच्या फाट्यावर उभ्या राहून मुंबईच्या वाटेला लागल्या.

त्या वर्षांत मुंबईनेही पाहुण्यांसाठी नवी तोरणे बांधली. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. १९५२ साली मलबार टेकडीवर कमला नेहरू उद्यान झाले आणि त्यातला 'म्हातारीचा बूट' महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीच्या आठवणींत जाऊन बसला. शेजारचा झुलता बगीचा १८८१ चा. तो शहराच्या पाण्याच्या टाकीवर वसवलेला आहे हे ऐकून दुष्काळी भागातल्या माणसाला नवल वाटे, की एवढे पाणी साठवून वर फुलझाडे लावणारे हे कोण लोक! उतरायची जागा म्हणाल तर लालबाग-परळची चाळ. एका खोलीत आधीच आठ माणसे. त्यांत गावाकडची पाच. पुरुषांनी व्हरांड्यात अंग टाकायचे, बायकांनी आत. गिरणीतला भाऊबंद पाळीवरून येई आणि रजेच्या दिवशी सगळ्यांना फिरवी. त्या चाळींनी किती खेड्यांना मुंबई दाखवली याची मोजदाद नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या आणि पाहुण्यांची ती धर्मशाळाही हळूहळू मोडली.

दरम्यान एका प्रश्नाचा निकाल लागला होता: मुंबई कोणाची? २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात एकशे सहा माणसे कामी आली. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. फाउंटनपाशी आता हुतात्मा चौक आहे आणि तेथल्या स्मारकात मशाल धरलेला शेतकरी कामगाराच्या जोडीने उभा आहे. २६ जानेवारी १९६१ पासून गेटवेसमोर शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. ज्याला 'घाटी' म्हणत होते, त्याची मूर्ती शहराच्या मध्यावर उभी राहिली. आणि त्याचा राजा शहराच्या दाराशी.

आणखी एक दर्शन सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून दर वर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसे येतात. खेड्यापाड्यांतून, गाठीला भाकरी बांधून. ज्यांच्या वाडवडिलांना गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवू दिला जात नव्हता, ती माणसे समुद्राच्या काठी उभी राहतात. या पाण्याला कोणी हद्द घालू शकलेले नाही. अभिवादन झाले की त्यांतली कितीतरी कुटुंबे पोरांना घेऊन गेटवे पाहतात, राणीची बाग पाहतात, आणि मग परतीची गाडी धरतात. मुंबई पाहणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके क्वचितच कोणी जाणत असेल.

आज वाट सोपी झाली आहे आणि दारे थोडी जड झाली आहेत. राणीच्या बागेचे नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. तेथे पेंग्विन आले, आणि २०१७ साली पाच रुपयांचे तिकीट पन्नास झाले. आईबाप आणि दोन मुले अशा कुटुंबाला शंभर रुपयांची सवलत ठेवली, हे चांगलेच. पण शेवगावचे कुटुंब चौघांचे असते हे कोणी सांगितले? त्यात काका असतो, आत्या असते, चुलत-मावस भावंडे असतात. २०२४ साली शिवडी-न्हावा शेवा हा समुद्रावरचा पूल झाला आणि सागरी किनारा मार्गही खुला होऊ लागला. दोन्ही कामे डोळे दिपवणारी आहेत. परंतु त्या रस्त्यांवर दुचाकीला मज्जाव आहे, आणि मोटारीच्या काचेआडून ऐंशीच्या वेगाने दिसणारा समुद्र आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहून पाहिलेला समुद्र एक नव्हे.

तक्रार करण्याचा हा सण नव्हे, आणि मुंबईने आजवर फारशी तक्रार करू दिलेलीही नाही. मरीन ड्राइव्हचा कठडा अजून मोकळा आहे. चौपाटीच्या वाळूला अजून फाटक नाही. घारापुरीच्या लेण्यात तीन पुरुष उंचीची ती त्रिमूर्ती चौदा शतके येणाऱ्या-जाणाऱ्यांची वास्तपुस्त न करता शांत बसली आहे. शंकरशेट आणि भाऊ दाजींनी वर्गणी गोळा केली ती ज्यांची नावे त्यांना कधीच कळणार नव्हती अशा लोकांसाठी. ती ठेव जपायची तर मुंबईकरांनी बागेच्या दाराशी बसून हिशेब करताना लांबून आलेल्या पाहुण्याची आठवण ठेवावी, आणि पाहुण्यांनी वाळूत भेळेचे कागद टाकून येऊ नये.

सुटी अजून शिल्लक आहे. शेवगावाहून निघणार असाल तर लेकरांना वाटेत मुंगी-पैठणची, नाणेघाटाची आणि मोडून पुन्हा उभ्या राहिलेल्या दगडी हत्तीची गोष्ट सांगत न्या. समुद्र त्यांना काही सांगावा लागणार नाही. तो ती स्वतःच चाखून पाहतील.